अलिबागला चाळीस माणसांचं जेवण: फक्त आपल्यासाठी अशी जागा कुठे आणि कशी शोधावी?

सुरंगी

नमस्कार मंडळी,

माझ्या आत्याला या डिसेंबरात पंचाहत्तर पूर्ण होतात. तिची सगळी नोकरी अलिबाग तालुक्यातल्या शाळांत गेली, म्हणून आम्हा भावंडांचं ठरलंय की मुंबईतला हॉल नको, कार्यक्रम अलिबागलाच करायचा. माणसं चाळीसच्या आसपास. सर्वांत लहान चार वर्षांची, सर्वांत मोठे काका चौऱ्याऐंशीचे. त्यांतले पंधरा-सोळा पक्के शाकाहारी. उरलेले असे, की अलिबागला जाऊन मासे नाही खाल्ले तर वर्षभर बोलून दाखवतील.

दुपारचं जेवण, त्यानंतर आत्याला बोलतं करायचं, तिचे काही जुने विद्यार्थी येतील तेही बोलतील, मग चहा आणि पांगापांग. म्हणजे जेवणाइतकंच एकमेकांचं ऐकू येणं महत्त्वाचं आहे. नेहमीच्या हॉटेलात चार टेबलं जोडून बसवतात, या टोकाचं त्या टोकाला ऐकू येत नाही आणि शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी केक कापणं चालू असतं. तसं नकोय. तेवढे चार-पाच तास जागा फक्त आमची हवी.

माझ्या डोळ्यांसमोर चार पर्याय आहेत: हॉटेलचा वेगळा हॉल, रिसॉर्ट, बंगला भाड्याने घेऊन आचारी लावणं, किंवा एखाद्या वाडीतली घरगुती खानावळ. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी अनुभव सांगा. काय विचारून घ्यावं, कशात फसगत होते, तेही.

वर्सोलीकर

पहिला प्रश्न, तारीख कोणती? नाताळ ते एकतीस डिसेंबर असेल तर आत्ताच विसरा. त्या आठवड्यात इथे सगळे मुक्कामी पाहुण्यांना जागा देतात, चार तासांच्या जेवणासाठी वाडी अडवून कुणी देणार नाही. दिली तर दर ऐकून परत जाल. डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा बघा, आणि जमलं तर मधला वार.

आता जागेचं. नागाव, आक्षी, वर्सोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या रस्त्यापासून किनाऱ्याकडे लांबच लांब पसरलेल्या आहेत. रस्त्याच्या अंगाला घर, मागे वाडी, त्यामागे सुरूची झाडं आणि मग वाळू. बऱ्याच घरांनी मागच्या अंगाला चार-सहा खोल्या बांधल्यात आणि मधल्या जागेत पत्र्याचा किंवा झापांचा मांडव. स्वयंपाक घरातल्या बायकाच करतात. चाळीस ताटं त्यांना नवीन नाहीत, सुट्टीच्या दिवशी त्याहून जास्त उठतात. प्रश्न ताटांचा नाही, वेगळेपणाचा आहे. फोनवर “हो हो, तुमच्यासाठीच ठेवतो” म्हणतात आणि आपण पोचल्यावर मांडवाच्या दुसऱ्या कोपऱ्यात आणखी दोन कुटुंबं बसलेली असतात. त्यांचंही चुकत नाही, दारात आलेल्या गिऱ्हाइकाला परत कसं पाठवायचं? म्हणून स्पष्ट बोला, की बारा ते पाच दुसरं गिऱ्हाईक घ्यायचं नाही, त्याचे वेगळे किती ते सांगा. मधल्या वारी हे सहज जमतं.

तांबडा_पांढरा

आम्ही कोल्हापूरचे. चाळीस माणसांत पंधरा शाकाहारी हे वाचूनच घास अडकला. :)

मी_माटुंग्याची

बंगला आणि आचारी हा पर्याय आम्ही केला होता, सासऱ्यांच्या निवृत्तीला. आवास-सासवणे बाजूला बंगला घेतला होता. मांडव्याहून जवळ पडतं, झाडी सुंदर, शेजारपाजार नाही. पण दोन गोष्टी आधी वाचून घ्या. एक, पुष्कळ बंगल्यांच्या अटींत “बाहेरचा आचारी चालणार नाही” असं असतं आणि त्यांच्या माणसाचं जेवण म्हणजे सगळ्या जगाला एकच पनीर आणि एकच चिकन. दोन, राहणाऱ्यांची संख्या आणि कार्यक्रमाची संख्या वेगळी धरतात. बारा जणांचा बंगला असेल आणि तुम्ही चाळीस जण जेवायला येणार असाल तर ते आधी लेखी कळवा. आमच्या वेळी रखवालदाराने गेटवर माणसं मोजायला सुरुवात केली होती. सासूबाईंना ते इतकं लागलं की आजही त्या बंगल्याचा विषय निघाला की त्या उठून आत जातात.

एरवी दिवस छान गेला. पण भांडी, गॅसच्या जादा टाक्या, पाण्याचे जार, वाढपी, कचरा, सगळं आपल्याच अंगावर येतं. घरच्या चार बायका दिवसभर स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या. ज्यांच्यासाठी जमलो त्यांच्याशी त्यांचं बोलणंच झालं नाही.

निवांत

सगळे वाडी वाडी करतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. चौऱ्याऐंशीचे काका आहेत, पंचाहत्तरीची आत्या आहे, तिच्या बरोबरीची आणखी पाच-सहा माणसं असणार. यांना काय लागतं? पाठ टेकायला नीट खुर्ची, पायरी नसलेला रस्ता, कमोडचं संडास आणि तेही शंभर पावलांच्या आत. आमच्या वडिलांना चाकाच्या खुर्चीतून एका वाडीत नेलं होतं. गेटपासून मांडवापर्यंत नुसती वाळू आणि वर सुपाऱ्यांची सालं. चौघांनी खुर्ची उचलून नेली. ते काही बोलले नाहीत, पण त्यांना ते आवडलं नाही, आणि दुसऱ्यांदा संडासला जायला नको म्हणून त्यांनी दुपारभर पाणी प्यायलं नाही.

अलिबाग गावातल्या हॉटेलचा हॉल दिसायला साधा असेल, पण गाडी दारापर्यंत जाते, जनरेटर असतो, वर छप्पर असतं. समुद्र बघायला नंतर किनाऱ्यावर जा की.

वर्सोलीकर

@निवांत, संडासचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण सगळ्या वाड्या तशा नाहीत. आता बऱ्याच ठिकाणी गेटपासून आतपर्यंत फरशी किंवा जांभ्याची पायवाट आहे, खोल्यांना जोडून कमोड आहेत. मांडवाजवळची एक खोली दिवसभरासाठी घेऊन ठेवायची. ज्येष्ठांना आडवं व्हायला, लहान मुलाला झोपवायला, आणि संडासही जवळ. एका खोलीचं भाडं जातं, पण त्या दिवशी ते सर्वांत सत्कारणी लागतं.

सुरंगी

@निवांत, मनापासून आभार. काकांना गुडघ्याचा त्रास आहे आणि ते स्वतःहून कधीच सांगणार नाहीत. खोलीची कल्पना लिहून घेतली. @मी_माटुंग्याची, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून बंगला यादीतून गेला. आमच्याकडेही त्याच चार बायका असतील आणि त्यांतली एक मी.

धक्क्यावरचा

माशांबद्दल बोलतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

लोक महिनाभर आधी फोन करून “सुरमई फ्राय, पापलेट कालवण, कोळंबी मसाला” असं ठरवून टाकतात. त्या दिवशी बाजारात सुरमई चांगली नसली तर खानावळवाला काय करणार? शब्द दिलाय म्हणून बर्फातली आणणार. मग तुम्ही घरी जाऊन म्हणणार, अलिबागला काही राम राहिला नाही. माशाचं नाव ठरवू नका, ताटातल्या जागा ठरवा: एक तळलेला, एक कालवणातला, एक सुका. मासा त्या सकाळी लिलावात जो चांगला दिसेल तो. वरचा भाव किती चालेल तेवढं सांगून ठेवा. घरातल्या बाईला मोकळीक मिळाली की ती स्वतःला आवडणारा मासा घेते, आणि तोच चांगला असतो.

ओल्या बोंबलाला कमी समजू नका. चाळीस माणसांत सुरमईचा तुकडा मोजून वाढावा लागतो, लहान-मोठा झाला की कुजबुज. बोंबील भरपूर करता येतात, पाट्याखाली दाबून पाणी काढलं आणि तांदळाच्या पिठात घोळवून तळले की पोरंही खातात. फक्त तव्यावरून थेट पानात आले पाहिजेत. बुफेच्या डब्यात पाच मिनिटं राहिले की मेले. म्हणून चाळीस जणांसाठी वीस-वीसच्या दोन पंगती करा. बुफे नको.

आणि जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, तेव्हा असलं काही आखूच नये. तुमचा डिसेंबर आहे, छान महिना.

केळफूल

माशांवर एवढं लिहून झालं, आता आम्हा पंधरा जणांचं कोण बोलणार?

कोकणातल्या प्रत्येक गटसहलीत शाकाहारी माणसाला तेच ताट मिळतं: फ्लॉवर-बटाटा, पिवळी डाळ, पापड आणि “तुम्हाला दोन गुलाबजाम जास्त घ्या”. हे ज्या भागात वालाचं बिरडं इतकं सुरेख होतं तिथे! बिरडं, केळफुलाची भाजी, भरली वांगी, नारळाच्या दुधातली बटाट्याची भाजी, घावन, तांदळाची भाकरी, सोलकढी, शेवटी उकडीचे मोदक. यातलं सगळं त्या घरातल्या बायकांना येतं. त्या स्वतः सणावाराला तेच करतात. फक्त कुणी मागत नाही म्हणून ताटात येत नाही. मागा.

दुसरं, तेल आणि तवा. फोनवर सगळे “वेगळं करतो” म्हणतात. चूल वेगळी का, तळणीचं तेल वेगळं का, वाढणारी माणसं वेगळी का, असे तीन प्रश्न सुटे सुटे विचारा. आमच्या आजीने एकदा पुरीला बोंबलाचा वास आला म्हणून पान सारलं होतं आणि सगळ्यांचा घास घशातच राहिला. मोठ्या माणसाचा मान म्हणजे शाल-श्रीफळच असतं असं नाही. तिला निर्धास्त जेवता यावं, हाही मानच.

आणि तारीख धरताना पंचांग बघा. मार्गशीर्षातला गुरुवार आला तर मासे खाणाऱ्यांतलेही अर्धे तुमच्याकडे वळतील आणि धक्क्यावरच्या साहेबांचे बोंबील तसेच राहतील. :)

धक्क्यावरचा

@केळफूल, मार्गशीर्षाचं अगदी बरोबर. गुरुवारी आमच्या घरीही चुलीवर मासा चढत नाही.

हिशोबनीस

पैशाचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. दर विचारताना “ताटामागे किती” एवढंच विचारू नका. हे सगळं त्यात आहे का ते बघा: जादा भाकरी, जादा मासा, बाटलीचं पाणी, जेवणाआधीचं सरबत, पाच वाजताचा चहा-भजी, खोलीचं भाडं, जागा अडवल्याचे पैसे, मुलांचं अर्धं ताट, आणि तुमच्या ड्रायव्हरांचं जेवण. ड्रायव्हर मंडळी हमखास विसरली जातात. दोन-तीन टेम्पो ट्रॅव्हलर आणि काही गाड्या असतील तर ती सहा-सात माणसं होतात.

कराचं असं आहे की साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. महागड्या खोल्यांच्या हॉटेलांत तो १८ टक्के असू शकतो, म्हणून हॉलचा दर घेताना कर धरून की सोडून ते विचारा. घरगुती खानावळीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तिला नोंदणीचं बंधन नाही, म्हणजे तिच्या बिलात जीएसटी दिसणारच नाही. त्यात काही काळंबेरं नसतं. उलट, नोंदणी क्रमांक न छापता कर लावणारं बिल दिसलं तर थांबून विचारा.

सेवा शुल्क सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तसं सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. तरी मोठ्या गटाच्या बिलात ते हळूच येतं, कारण चाळीस माणसांत बिल वाचायला कोणी बसत नाही. ते काढून मागायचं. वाढणाऱ्या पोरांना आपण हातात द्यायचं ते वेगळं द्यावं, आणि मोकळ्या हाताने द्यावं.

विसार देताना व्हॉट्सॲपवर एवढं लिहून घ्या: तारीख, वेळ, कमीत कमी किती ताटांचे पैसे, शेवटचा आकडा कधी कळवायचा, बेत रद्द झाला तर किती परत. एवढ्याने दोन्हीकडची माणसं निश्चिंत होतात.

खारेपाट

वर्सोली-नागावच्या पलीकडेही अलिबाग तालुका आहे हो! पोयनाड-शहापूरकडचा आमचा खारेपाट कुणाच्या यादीत नसतो, कारण आमच्याकडे वाळूचा किनारा नाही. खाडी आहे, खाजणं आहेत, शेततळी आहेत. आणि जिताडा आहे. जिताडा एकदा खाल्ला की सुरमई-पापलेटवाले गप्प होतात. चाळीस माणसांसाठी आठवडाभर आधी सांगितलं तर तळ्यातला काढून देणारी माणसं आहेत.

डिसेंबर म्हणालात म्हणून एक सुचवतो. जेवण दुपारचं न करता संध्याकाळचं करा आणि पोपटी लावा. बाहेरच्यांसाठी सांगतो: मातीच्या मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या ताज्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मग बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च दाबून बसवायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, सुकी लाकडं रचून पेटवायचं. अर्धा-पाऊण तास. झालं का ते बघायला मडक्यावर पाण्याचा हबका मारतात. चर्र झालं आणि पाणी तिथेच उडालं की झाली. मग मडकं पेपरवर किंवा केळीच्या पानांवर ओततात आणि सगळे भोवती बसून सोलून खातात.

गटाच्या जेवणाला याच्यासारखं दुसरं काही नाही. वाढपी लागत नाही, ताटं लागत नाहीत. शाकाहारींसाठी वेगळं मडकं लावायचं, कोंबडी-अंड्याशिवाय. शेंगांना भांबुर्डीचा जो वास लागतो तो तसाच राहतो.

आंबोळी

@खारेपाट, वाचूनच वास आला. माहेर पेणचं आहे माझं. लग्नानंतर पुण्यात एकदा गच्चीवर करायला गेलो तर सोसायटीने अग्निशमनला फोन लावला.

तांबडा_पांढरा

कोंबडी मडक्यात घालून, रस्सा न करता? बरं. तुमच्या गावात तुमचा कायदा. पण एकदा खायला बोलवा.

खारेपाट

@तांबडा_पांढरा, जानेवारीत या. येताना तुमचा पांढरा रस्सा घेऊन या. शेजारी ठेवू, भांडणार नाहीत एकमेकांशी.

निवांत

पोपटी उत्तम, मीही खाल्लीय. पण पंचाहत्तरीच्या दिवशी चौऱ्याऐंशीच्या काकांना उघड्या शेतात, डिसेंबरच्या थंडीत, धुरात बसवून रात्री नऊला परत मुंबईचा रस्ता? त्यापेक्षा ज्यांचा मुक्काम आहे अशा तरुण मंडळींनी आदल्या रात्री पोपटी करावी, आणि मुख्य जेवण दुपारीच असावं.

आणखी एक नाजूक विषय. आदल्या रात्री “बसणार” असाल तर तोही नीट निस्तरा. खासगी जागेत पार्टीत दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना मिळतो, तो काढावा. वाडीवाल्या घरी बायकामुलं असतात, काही घरांत दारू अजिबात चालत नाही. आधी विचारावं, नाही म्हणाले तर मुकाट मान्य करावं. आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा देशभराचा नियम आहे. गाव लहान असतं, सकाळी त्यांना त्याच शेजाऱ्यांना तोंड दाखवायचं असतं.

वर्सोलीकर

याबद्दल तुम्हाला लाख धन्यवाद. शनिवारी रात्री इथे राहून बघा. वाडीला भिंती नसतात, चार घरांपलीकडचा डीजे उशाशी वाजतो.

चौलमार्गे

थोडं वेगळं लिहितो, पण विषयाला धरून आहे.

आमच्या ओळखीच्या घरी इस्रायलहून आलेल्या बेने इस्रायली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या ज्यू, मंडळींचे गट जेवायला येतात. अलिबाग हे त्यांचं मूळ ठिकाण. पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले असं ते मानतात. गावात इस्रायल आळी आहे, तिथे त्यांचं प्रार्थनामंदिर आहे, अलिबागजवळच्याच खंडाळा गावी एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताचं स्थान आहे. तीस-पस्तीस माणसांचा गट, त्यात नव्वदीच्या आजी अस्सल अलिबागी मराठी बोलणाऱ्या, आणि नातवंडं हिब्रूत.

त्यांचे जेवणाचे नियम कडक. खवले आणि पर असलेलाच मासा चालतो, कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या नाहीत. मांस आणि दूध एकत्र नाही. पहिल्यांदा फोन आला तेव्हा त्या घरातल्या काकू घाबरल्या होत्या. मग लक्षात आलं की आपल्या स्वयंपाकात दूध-दही नाहीच, सगळं नारळाच्या दुधावर. सोलकढी चालते, नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण चालतं. भांडी नवी आणली, मासे कापण्याआधी त्यांच्यातल्या एका बाईंना दाखवले. जेवताना एक आजी खापरोळी खाऊन रडल्या. त्यांच्या आईनंतर त्यांनी ती खाल्लीच नव्हती.

सांगायचं हे, की पथ्य किती अवघड आहे याने फरक पडत नाही. ज्या घरात स्वयंपाक करणारीशी थेट बोलता येतं तिथे सगळं जमतं. मॅनेजरमार्फत निरोप गेला की निम्मा रस्त्यात सांडतो. तेव्हा @सुरंगी, जागा बघायला जाल तेव्हा मालकाशी दर बोला, पण बेत मात्र जी चुलीपुढे उभी राहणार आहे तिच्याशी ठरवा.

आणि हो, दत्तजयंतीला चौल-भोवाळ्याची जत्रा भरते, पाच दिवस. रेवदंडा रस्त्यावर गर्दी असते. नागाव-आक्षी त्याच वाटेवर आहे, तारीख धरताना तेही बघा.

दर्याकाठ

प्रवासाचं माझ्याकडून. मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो घ्यावी. मार्च २०२० पासून चालू आहे. तासाभरात मांडवा, गाडीसकट, आणि ज्येष्ठांना चालावं लागत नाही. गेटवेच्या लाँचला पायऱ्या आणि चढउतार आहे, गुडघेवाल्यांना नको. रस्त्याने वडखळमार्गे आलात तर वेळेची खात्री देता येत नाही, आणि दुपारच्या पंगतीला निम्मी माणसं अडीचला उगवली तर सगळा बेत कोलमडतो.

जेवणानंतर पोरांना अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला दाखवायचा असेल तर भरती-ओहोटी बघून तारीख धरा. आमच्याकडचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, म्हणजे ओहोटी सव्वादोनच्या आसपास. जेवून दोनला निघालात तर चालत किल्ल्यात जाऊन साडेतीनपर्यंत परत. पाणी चढायला लागलं की थांबायचं नाही, घोडागाडीवाले सांगतात ते ऐकायचं.

सुरंगी

मंडळी, आठवडाभराने येतेय. मागच्या रविवारी मी आणि माझा चुलतभाऊ जाऊन तीन जागा बघून आलो.

गावातल्या हॉटेलचा हॉल आधी बघितला. स्वच्छ, थंडगार, लिफ्ट आहे. पण खिडकी एकही नाही आणि एसी एवढा आवाज करतो की मी आणि भाऊ समोरासमोर बसून मोठ्याने बोलत होतो. आत्याला माइक द्यावा लागेल. माइक दिला की ती भाषण करेल, गप्पा मारणार नाही.

दुसरी जागा किनाऱ्याला लागून, समुद्र समोर. बघताक्षणी हो म्हणणार होतो. तेवढ्यात दुपारचा वारा सुटला आणि टेबलावरचे पेपर उडाले. कालवणात वाळू, हे डोळ्यांसमोर आलं. संडास मागच्या अंगाला, तीन पायऱ्या चढून.

तिसरी आक्षीची वाडी. किनाऱ्यापासून पाच मिनिटं आत, त्यामुळे वारा झाडांत अडतो. गेटपासून जांभ्याची वाट. मांडव जुना आहे, पण कौलारू पडवी त्याला लागून आहे, तिथे दहा-बारा ज्येष्ठ बसू शकतात आणि मांडवातल्यांचं त्यांना नीट ऐकू येतं. भावाने टोकाला जाऊन नेहमीच्या आवाजात बाराखडी म्हणून दाखवली, मला पडवीत सगळी ऐकू आली. शेजारच्या खोलीत कमोड. चुलीपुढच्या मावशींशी अर्धा तास बोलले. शाकाहारी स्वयंपाक त्या घरातल्या गॅसवर करणार, मासे बाहेरच्या चुलीवर, वाढायला दोन वेगळ्या मुली. मी बिरडं म्हटल्यावर म्हणाल्या, “तेवढं सोलायला आदल्या दिवशी माणसं लावीन, पण करीन.” माशाचं नाव ठरवलं नाही. वरचा भाव ठरवलाय.

विसार दिला. मधला वार आहे, गुरुवार नाही, दत्तजयंतीची जत्राही टाळलीय. मार्गशीर्ष शुद्ध एकादशी साधतेय. त्या दिवशी गटातल्या दोघांचा उपास आहे, तर साबुदाण्याच्या खिचडीचंही मावशींना सांगून ठेवलंय.

एक अडचण राहिली. आत्याचे जुने विद्यार्थी नक्की किती येतील ते कळत नाही. दहा म्हणतायत, पण ही बातमी गावात फिरली तर तीस येतील. त्यांना जेवायला सांगायचं की चहाला?

हिशोबनीस

चहाला बोलवा, चार वाजता. ताटांचा आकडा पक्का राहतो. चहाबरोबर नुसती बिस्किटं नकोत, भजी आणि गूळ-खोबऱ्याचं काही तरी ठेवा. तीस जणांचं आधी सांगून ठेवा, दहा आले तर उरलेलं ड्रायव्हरांना आणि वाढणाऱ्या मुलींना.

वर्सोलीकर

चहालाच. पण त्यांतले दोघे-चौघे सकाळपासून मदतीला येतीलच, बाईंचा कार्यक्रम म्हटल्यावर. त्यांची पाच ताटं जास्तीची सांगा. आणि आमच्याकडे शिक्षकाला रिकाम्या हाताने कोणी भेटायला येत नाही. नारळ, सुपाऱ्या, केळीचा घड, कोणी तरी कोंबडा घेऊन येईल. गाडीत जागा ठेवा.

केळफूल

कोंबडा!! @सुरंगी, तो परत जाताना माझ्या सीटशेजारी नको. बिरड्याबद्दल त्या मावशींना माझा नमस्कार सांगा.

नवी_सभासद_रोहा

धागा वाचनखुणेत ठेवलाय. @खारेपाट, आमच्याकडे रोह्याला पोपटी करायचीय, पण भांबुर्डीचा पाला ओळखायचा कसा? आणि मडकं नवं घ्यायचं की वापरलेलं चालतं?

खारेपाट

शेताच्या बांधावर, पडीक रानात उगवतो. पान चुरडलं की ओव्यासारखा उग्र वास येतो. पहिल्यांदा मात्र कोणा जाणत्याला बरोबर घेऊनच तोडा, दिसायला सारखी दुसरी झुडपं असतात. मडकं जुनं असलेलं बरं, नवं आगीत तडकतं. नवंच घ्यावं लागलं तर दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा. शेंगा मात्र भरलेल्या बघून घ्या, कोवळ्या घेतल्यात तर मडक्यात नुसती सालं उरतात. रोह्याच्या बाजारात जानेवारीत मिळतील.